दवाखान्याचा विमा वेगळाच घ्या : १९४७ च्या मसुद्यापासून युलिपपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका भावाला डेंग्यू झाला. वय चौतीस, गोदामात कंत्राटी सुपरवायझर. पगार एकवीस हजारांच्या जरासा वर सरकला आणि त्याचं ईएसआयचं कार्ड सुटलं. बायको अंगणवाडीत मदतनीस. प्लेटलेट्स झपाझप उतरल्या म्हणून रात्री जवळ दिसला त्या खाजगी दवाखान्यात भरती केलं. सरकारी योजनेच्या यादीत तो दवाखाना नव्हता. सात दिवसांचं बिल झालं एक लाख अठ्ठावीस हजार. आम्ही घरी गेलो तेव्हा वहिनींनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पॉलिसी काढली. "दादा, विमा आहे ना आपला. वर्षाला तीस हजार भरतो." आम्हालाही हायसं वाटलं. मग कागद वाचायला बसलो.

ती युलिप होती. बँकेत पैसे ठेवायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने सांगितलं होतं, पैसाही वाढेल, दवाखान्याचंही बघितलं जाईल. दवाखान्याच्या नावाने पॉलिसीला एक छोटा रायडर जोडलेला होता. भरती असेपर्यंत दिवसाला एक हजार रुपये, पहिला दिवस वगळून. म्हणजे सहा हजार. दोन हप्त्यांचे साठ हजार कंपनीकडे पडून होते, पण पाच वर्षं त्याला हात लावता येत नव्हता. उरलेले पैसे बचत गटातून उचलले, काही वहिनींचं मंगळसूत्र गहाण ठेवून आले.

या घरात विमा नव्हता असं कोण म्हणेल? दोघं शिकलेले, दोघं कमावते, व्यसन नाही, वर्षाला तीस हजार बाजूला काढणारे. तरी एका डासाने त्यांना सावकाराच्या दारात नेऊन उभं केलं. तेव्हापासून आमच्या बैठकांत हा विषय वारंवार निघतो. तरुण विचारतात, गुंतवणुकीला जोडलेला विमा घ्यावा की निव्वळ दवाखान्याचा वेगळा? आमचं उत्तर आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो : वेगळा. पण हे उत्तर हिशेबाच्या वहीतून जितकं येतं, तितकंच ते आपल्या इतिहासातूनही येतं. आणि तो इतिहास बाबासाहेबांना ओलांडून सांगता येत नाही.

विमा म्हणजे काय? शंभर घरांनी थोडे थोडे पैसे एका जागी ठेवायचे आणि ज्या घरावर आपत्ती कोसळेल त्याने ते उचलायचे. ज्यांच्यावर कोसळली नाही त्यांचे पैसे 'वाया' गेले, आणि ते वाया गेले हीच त्यांची चांगली नशिबी. पण या शंभर घरांत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून राजकीय आहे. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली ती युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसांचे विमे उतरवले जाऊ लागले तेव्हा हिंदी जीव हा कमी प्रतीचा जीव धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाला सामान्य दराने विमा दिला. राष्ट्रवादी इतिहासात ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. फक्त हा 'हिंदी माणूस' कोण होता ते विचारायचं राहून जातं. तो वकील होता, कारकून होता, व्यापारी होता. महारवाड्यातला, मांगवाड्यातला, चांभारवाड्यातला माणूस कमी प्रतीचा जीवही नव्हता. तो हिशेबातच नव्हता.

अमेरिकेत हेच काळ्या माणसांच्या बाबतीत झालं. प्रुडेन्शियल या बड्या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये आकडे मांडून असं 'सिद्ध' केलं की काळ्यांचा मृत्यूदर त्यांच्या वंशातच आहे, सबब त्यांचा विमा उतरवणं तोट्याचं. दारिद्र्य, कोंदट वस्त्या, दवाखान्यांचे बंद दरवाजे यांचा त्यात हिशेब नव्हता. ड्यू बॉइस यांनी त्याचा प्रतिवाद केला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. ज्याची जोखीम समाजाने वाढवली त्यालाच जोखमीचा म्हणून दूर ठेवायचं, ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्याआधी एक गोष्ट साफ करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की एलआयसी बाबासाहेबांनी स्थापन केली. नाही केली. आपला माणूस एवढा मोठा आहे की त्याच्या खात्यावर खोटी जमा करायची गरज नाही. त्यांनी जे केलं आणि जे लिहिलं तेच नीट वाचलं तर पुरे आहे.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण भाषणात सांगतो, पण एक तपशील फार थोड्यांना ठाऊक असतो. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर, १९१८ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी छोटी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. तेव्हा शेअर बाजाराला शिवू नका, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. बाजारानेच आपल्याला शिवून घेतलं नव्हतं. ज्याला बाजार आतून कळत होता, त्याने विम्याच्या बाबतीत बाजारावर भिस्त ठेवली नाही, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे.

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्या काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांना नेमलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनीअरिंग, खनिज व धातू या उद्योगांतल्या कामगारांसाठी सक्तीचा, वर्गणीवर चालणारा विमा, अशी त्याची मांडणी होती. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आपल्या तोंडी आहे ते ईएसआय. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत त्याची सुरुवात झाली, १९५४ मध्ये तो नागपूरला आणि मुंबईला आला.

या योजनेची रचना जरा थांबून पाहा, कारण पुढचा सगळा वाद तिथेच आहे. हप्ता पगाराच्या टक्केवारीत. आज तो कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के आहे. वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. आधीपासून दमा आहे, साखर आहे म्हणून कुणाला नाकारत नाहीत. कुटुंबही त्यात आलं. आणि आजारपणात पगार बुडतो त्याचं काय, हा प्रश्न विचारणारी ही योजना आहे : वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. दवाखान्यातल्या रांगा, औषधांचा तुटवडा, डॉक्टरांची कमतरता हे सगळं आम्ही पाहिलेलं आहे, त्याबद्दल मोर्चेही काढलेले आहेत. पण गाडी वाईट चालवली जाते म्हणून गाडीची कल्पनाच वाईट होती असं होत नाही. त्या कल्पनेत धडधाकट कामगार आजाऱ्याचं ओझं उचलतो, तरुण म्हाताऱ्याचं उचलतो आणि मालकाला चौपटीहून जास्त द्यावं लागतं.

मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक होते, मात्र विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा, आणि बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या वेळी चव्हाट्यावर आणला होता. विणकाम खात्याचं दार ज्याला बंद होतं, त्यालाही पुढे ईएसआयच्या दवाखान्यात तेच कार्ड आणि तोच हक्क मिळाला. हप्ता टक्क्यात आणि हक्क कायद्यात असला की असं होतं.

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन घटना समितीसाठी तयार केलं. शेती राज्याची असावी, मूलभूत उद्योग राज्याचे असावेत, हे त्यातलं आपल्याला पाठ असतं. विम्याचं कलम बहुतेक जण वाचून पुढे जातात. त्यात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असं म्हटलं आहे, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीने घ्यायला लावावा असंही. कारणं दोन दिली आहेत. राज्याच्या विम्यात माणसाला जास्त सुरक्षितता मिळते, आणि हप्त्यांतून जमणारा पैसा राज्याला नियोजनासाठी वापरता येतो. नाहीतर तोच पैसा राज्याला चढ्या व्याजाने बाजारातून उचलावा लागेल.

इथे एखादा चौकस तरुण आम्हाला अडवतो, आणि त्याने अडवावं. तो म्हणतो, सर, म्हणजे बाबासाहेबांनीच विमा आणि गुंतवणूक जोडली की! मग युलिपने वेगळं काय केलं?

बरोबर. जोडली. पण कुठे जोडली ते बघा. जोखमीची वाटणी सगळ्या समाजात, आणि भांडवलही सगळ्या समाजाचं. धरण झालं, वीज आली, कारखाना उभा राहिला, तर त्याचा फायदा सार्वजनिक. बुडीत गेलं तरी विमेदाराचं संरक्षण राज्याच्या हमीवर, त्याच्या घराला धक्का नाही. युलिपमध्ये जोड माणसाच्या पातळीवर आहे. भांडवल तुझं, चढउतार तुझा, आणि त्या चढउतारातूनच तुझ्या संरक्षणाचा खर्च कापला जाणार. बाबासाहेबांच्या आराखड्यात माणूस गर्दीत उभा होता, या पॉलिसीत तो एकटा आहे. दोन्हींना 'विमा अधिक गुंतवणूक' म्हणता येतं, जसं वाड्यातल्या विहिरीला आणि चवदार तळ्याला दोन्हींना पाणी म्हणता येतं.

१९ जानेवारी १९५६ ला सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा ताब्यात घेतला. तेव्हाचे अर्थमंत्री सी. डी. देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. राष्ट्रीयीकरण का करावं लागलं? खाजगी विमा कंपन्यांत मालकांनी लोकांच्या हप्त्यांचे पैसे आपल्या धंद्यात वळवले होते. दालमियांच्या भारत इन्शुरन्सचं प्रकरण फिरोज गांधींनी संसदेत उघडं केलं होतं. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. त्यानंतर दीड महिन्याने नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यांच्या कलमातला मक्तेदारीचा भाग प्रत्यक्षात आला. मिळकतीच्या प्रमाणात प्रत्येकाला, हा भाग आला नाही. विमा सरकारी झाला, पण विकला गेला तो एजंटाच्या पिशवीतून, आणि एजंट जिथे पगार आहे तिथेच जातो.

आपल्या घरांत पगार आला तो साठ-सत्तरच्या दशकात, राखीव जागांमधून. रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ, शाळा, बँक. त्या पिढीने एलआयसी घेतली आणि श्रद्धेने भरली. आमच्या आईवडिलांच्या पिढीसाठी विमा म्हणजे मनीबॅक किंवा एंडोमेंट : मेलो तर घराला, जगलो तर मुलीच्या लग्नाला. परतावा कमी होता, पण राज्याची हमी होती आणि पैसा बराचसा सरकारी रोख्यांत, वीज मंडळांत, घरबांधणीत जात होता. अर्धे का होईना, बाबासाहेबांच्या कलमाच्या जवळ. समाजशास्त्राचा अभ्यास करताना आम्हाला हे उमजलं की 'पैसा परत मिळाला पाहिजे' हा आपल्या लोकांचा आग्रह अडाणीपणातून आलेला नाही. ज्याच्या मागे शेत नाही, वाडा नाही, बापाची ठेव नाही, त्याला हप्त्याचा एक रुपयाही 'गेला' हे सोसत नाही. पिढीजात संपत्ती असलेला माणूस दरसाल दहा हजार भरून विसरू शकतो. आपल्याला प्रत्येक रुपया दोनदा कामाला लावायचा असतो. हीच आपली नड पुढे विकणाऱ्यांनी हेरली.

मधल्या काळात एक दार बंद झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या मोडत गेल्या. गिरणी गेली तसं कार्डही गेलं. लोक नाक्यावर, बांधकामावर, हातगाडीवर, घरकामाला गेले, आणि तिथे मालकच नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून ईएसआय नाही. शेतमजुराला तर ते कधी नव्हतंच. बरोबर त्याच सुमारास, १९८६ मध्ये, सरकारी साधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम बाजारात आणला. साधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झालेलं होतं. १०७ कंपन्यांच्या चार केल्या होत्या. मेडिक्लेम ही झालेला खर्च भरून देणारी पॉलिसी. पण तिचा हप्ता पगारावर ठरत नव्हता, वयावर आणि रकमेवर ठरत होता. आजारपण हा सामूहिक प्रश्न होता, तो घरटी खरेदीचा प्रश्न झाला. या गोष्टीची दखल आपल्या चळवळीने तेव्हा घेतली नाही. आपण तेव्हा नामांतरात होतो, आणि तिथे असणंही भाग होतं.

१९९९ च्या कायद्याने विमा खाजगी कंपन्यांना खुला झाला. युलिप हा शब्द देशाला तसा नवा नव्हता, युनिट ट्रस्टने १९७१ मध्येच त्या नावाची योजना काढली होती. पण त्याचा पूर आला तो २००० नंतर. शेअर बाजार चढत होता, बँकेच्या काउंटरवर विमा विकायला परवानगी मिळाली होती, आणि पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशन आणि खर्चात जात होता. २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा लोकांनी कागद उघडून पाहिले. मग विम्याचा नियामक आणि शेअर बाजाराचा नियामक यांच्यातच भांडण जुंपलं, की ही वस्तू नक्की कुणाची? एप्रिल २०१० मध्ये सेबीने चौदा विमा कंपन्यांवर बंदीचा आदेश काढला, जूनमध्ये सरकारला वटहुकूम काढून युलिप हा विमाच आहे असं सांगावं लागलं. आम्हाला या भांडणाची गंमत वाटते. ज्या वस्तूचं नाव काय हे दिल्ली-मुंबईच्या दोन नियामकांना ठरवता येईना, ती आमच्या वस्तीतल्या कंत्राटी कामगाराला दहा मिनिटांत समजावून विकली जात होती. त्याच वर्षी सप्टेंबरपासून खर्चावर मर्यादा आल्या आणि लॉक-इन तीनवरून पाच वर्षं झालं.

याच लाटेत दवाखान्याचा विमाही युनिटला बांधून पाहिला गेला. २००८ मध्ये खुद्द एलआयसीने हेल्थ प्लस नावाची अशी पॉलिसी काढली : भरती असताना दिवसाची ठरलेली रक्कम, ठरावीक शस्त्रक्रियांना ठरलेली रक्कम, आणि उरलेला पैसा फंडात. पुढे २०१६ च्या नियमांनी आयुर्विमा कंपन्यांना प्रत्यक्ष खर्च भरून देणारा आरोग्य विमा विकायलाच मनाई केली. म्हणून आज आयुर्विमा कंपनीच्या पॉलिसीला 'दवाखाना' जोडलेला असेल तर तो बहुतेक करून ठरलेल्या रकमेचा असतो. बिल एक लाखाचं असो की चार लाखांचं, त्याचा बिलाशी संबंध नाही. अशी रक्कम अगदी निरुपयोगी नसते, बुडालेल्या मजुरीला तिचा हातभार लागतो. पण तिला दवाखान्याचा विमा समजून वेगळी पॉलिसी घ्यायची राहून गेली, तर काय होतं ते आम्ही वर सांगितलं.

युलिपच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घ्या. हप्ता आला की आधी खर्च वळता होतो, उरलेल्या पैशाची युनिटं घेतली जातात. मग विमा संरक्षणाचा आणि कारभाराचा आकार दर महिन्याला याच युनिटांतून कापला जातो. आकार रुपयांत ठरलेला असतो. बाजार पडला की युनिटाची किंमत कमी, म्हणून तेवढ्याच रुपयांसाठी जास्त युनिटं मोडावी लागतात. वय वाढतं तसा संरक्षणाचा आकारही वाढतो. आणि बाजार पडतो तेव्हाच कंत्राटं मोडतात, ओव्हरटाइम बंद होतो, हप्ता थकतो. नोकरी, बचत आणि संरक्षण, तिन्ही एकाच दोरीला टांगलेलं. ज्याच्या घरी चार खुंट्या आहेत त्याला ते परवडतं.

वेगळी आरोग्य पॉलिसी म्हणजे बुद्धविहार नव्हे, तोही बाजारच आहे. तिथला हप्ता वयाबरोबर वाढतो आणि साठीनंतर डोळे पांढरे करतो. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. खोलीच्या भाड्याची मर्यादा हा तर फसवा सापळा आहे : मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर अनेक पॉलिसींत फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत, डॉक्टरची फी, शस्त्रक्रियेचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापतात. अर्जात आजार लपवला असेल तर क्लेम नाकारतात. मात्र पाच वर्षं सलग हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, त्या कारणावरून नाकारता येत नाही. हे सगळं असूनही, बिल आल्यावर बिलाकडे पाहणारी हीच एक पॉलिसी आहे. तुमच्या हप्त्यामागे त्या वर्षी आजारी न पडलेल्या हजारोंचे हप्ते उभे असतात. तुटकी, महाग, नफ्यासाठी चालवलेली का होईना, पण वाटणी तिच्यात आहे.

म्हणून बैठकीत आम्ही क्रम सांगतो तो असा. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर आधी मालक ईएसआय भरतो का ते बघा. कंत्राटदार पगारातून कापतात आणि भरत नाहीत, हे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत नेहमीचं आहे, आणि ते पकडून देणं हे संघटनेचं काम आहे. मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दीड लाखाच्या संरक्षणाने दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे आणि मर्यादा पाच लाख आहे. जवळचा कोणता दवाखाना तिच्या यादीत आहे हे आजारी पडण्याआधी माहीत हवं, रात्री दोन वाजता नाही. आमच्या मंडळाने वस्तीच्या फलकावर ती यादी लावली आहे. यादीबाहेरचे दवाखाने आणि यादीबाहेरचे आजार उरतातच, त्यासाठी निव्वळ आरोग्य पॉलिसी. सगळ्या कंपन्यांची जवळपास एकसारख्या अटींची 'आरोग्य संजीवनी' २०२० पासून मिळते, तुलना करायला ती सोपी. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. त्यानंतर घर चालवणाऱ्याचा साधा टर्म विमा. एवढं करून जे उरेल ते पीपीएफमध्ये घाला, म्युच्युअल फंडात घाला, शेअर घ्या. तो पैसा वाढो की घटो, तुमची सलाईन त्याच्यावर अवलंबून राहणार नाही. ज्याला महिन्याला पाच-सहा हजार निवांत बाजूला काढता येतात आणि ज्याची आरोग्य पॉलिसी आधीच आहे, त्याने युलिप घेतली तर आम्ही त्याच्याशी वाद घालत बसणार नाही. ती त्याची हौस.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक. फक्त विमा घ्यायचा म्हणून गट बनवला तर त्याला समूह विमा देता येत नाही. पण आधीपासून चालू असलेली पतसंस्था, कर्मचारी संघटना आपल्या सभासदांसाठी समूह आरोग्य विमा घेऊ शकते. आपल्या कर्मचारी संघटनांच्या अधिवेशनांत आरक्षण, बढती, पेन्शन यांवर ठराव होतात. त्याच संघटनांच्या ऑफिसांत सफाई करणाऱ्या कंत्राटी माणसाला सभासद करून घेऊन त्याच्यासह समूह विमा घेण्याचा ठराव आम्ही तरी अजून ऐकलेला नाही. सक्ती आणि मिळकतीप्रमाणे वर्गणी, हे १९४७ चं तत्त्व, राज्य करत नसेल तर पन्नास-शंभर सभासदांच्या पातळीवर करून पाहायला कोणी अडवलेलं नाही. आणि राज्याने करावं म्हणून भांडणं त्याने थांबत नाही. विम्यात परदेशी भांडवलाची मर्यादा २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेली, २०२२ मध्ये एलआयसीचे शेअर बाजारात विकले. या दोन्ही वेळी आपल्या किती संघटना रस्त्यावर होत्या?

तो भाऊ आता बरा आहे. युलिपचा तिसरा हप्ता त्याने भरला नाही. घेतल्यावर तीस दिवसांत परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. न भरलेल्या पॉलिसीचा पैसा कंपनी वेगळ्या फंडात ठेवते, त्यावर किमान चार टक्के व्याज मिळतं आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तो परत येतो. तोवर वाट पाहायची. मंगळसूत्र दिवाळीत सुटलं. गेल्या महिन्यात नवरा-बायको आणि मुलगी अशा तिघांसाठी पाच लाखांच्या पॉलिसीचा अर्ज भरायला आम्ही त्यांच्याकडे बसलो होतो. डेंग्यूच्या वेळच्या तपासण्यांत त्याची साखर वाढलेली निघाली होती, गोळी चालू आहे. ओळखीतला एजंट म्हणाला, "ते लिहू नका, हप्ता वाढेल, कोण बघतंय." तो आमच्याकडे पाहू लागला. वहिनींनी त्याच्या हातातला पेन घेतला आणि त्या रकान्यात 'मधुमेह, गोळी चालू, गेल्या जुलैपासून' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हप्ता वाढून आला. साखरेसाठी तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ आहे. तोपर्यंत गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यातून घ्यायच्या आणि मंगळवारी रांगेत लवकर जायचं, असं ठरलं.